हिपॅटायटिस सी, एएनए पॉझिटिव्ह आणि स्टेरॉइडची घाई: व्हायरस की ऑटोइम्यून?

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आईंचं वय ५६, १९९६ साली गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलेलं. वर्षभर थकवा, मनगटं-घोटे दुखतात, पायांवर लाल-जांभळट ठिपके येतात आणि आठ-दहा दिवसांत काळपट डाग ठेवून जातात. रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींतलं एन्झाइम) वाढून ९८, अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी विरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह, एएनए (आपल्याच पेशींविरुद्धची अँटीबॉडी) १:१६०, आरए फॅक्टर (संधिवातासाठी बघतात ती अँटीबॉडी) खूपच हाय, सी-४ (इम्युनिटीचं एक मदतनीस प्रोटीन) कमी. एक डॉक्टर म्हणाले ऑटोइम्यून आहे, म्हणजे इम्युनिटी आपल्याच शरीरावर उलटलीये, ती दाबायला स्टेरॉइड चालू करू. दुसरे म्हणाले हिपॅटायटिस सी ची गोळी घ्या, बाकीचं बसेल. शेजारच्या काकूंनी गुळवेलीचा काढा सांगितला, इम्युनिटी वाढते म्हणून. शिवाय २४ वर्षांच्या मामेभावाला हिपॅटायटिस बी आहे, व्हायरल लोड कोटींमध्ये, तरी एसजीपीटी नॉर्मल आणि डॉक्टर गोळी देत नाहीत, ते का?

पेशंट समोर नसताना लिहितोय, त्यामुळे शेवटचा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण माझं मत विचाराल तर दुसरे डॉक्टर बरोबर आहेत आणि पहिलेही अगदीच चुकीचे नाहीत. आईंच्या अंगात ऑटोइम्यून प्रकार चालू आहे हे खरं, पण तो व्हायरसने लावून दिलेला दिसतोय आणि व्हायरस काढायचं औषध आज आपल्याकडे आहे. स्टेरॉइडची घाई नको. काढा तर नकोच, त्यावर खाली लिहितो.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की व्हायरस लिव्हर कुरतडतो. बी काय किंवा सी काय, हे व्हायरस लिव्हरच्या पेशीत शिरतात, तिथे बसून आपल्या कॉप्या काढतात आणि पेशीला सहसा फार धक्का न लावता बाहेर पडतात. (सी चा जीनोटाइप ३ हा उपप्रकार, जो आपल्याकडे भरपूर दिसतो, तो थोडा अपवाद आहे, तो स्वतःच पेशीत चरबी साठवायला लावतो.) नुकसान करते ती आपलीच इम्युनिटी. टी सेल्स, म्हणजे इम्युनिटीच्या मारेकरी पेशी येतात, आजारी पेशी ओळखतात आणि मारतात, पेशी फुटली की आतलं एसजीपीटी रक्तात येतं आणि ते आपल्याला रिपोर्टमध्ये दिसतं. म्हणजे एसजीपीटी वाढलं याचा अर्थ व्हायरस वाढला असा होत नाही, आत मारामारी चालू आहे एवढाच होतो. तुमच्या मामेभावाचं कोडं इथेच सुटतं. त्याच्या रक्तात व्हायरस कोटींनी आहे पण त्याची इम्युनिटी अजून भांडायलाच उठलेली नाही, त्यामुळे लिव्हर शांत आहे.

आणि ती का उठलेली नाही, याचं उत्तर बहुतेक त्याच्या जन्माच्या दिवसात आहे. हिपॅटायटिस बी आईकडून बाळाला जन्माच्या वेळी मिळाला तर शंभरातल्या नव्वद बाळांमध्ये तो कायमचा राहतो. तोच व्हायरस धडधाकट मोठ्या माणसाला झाला तर पाच टक्क्यांहून कमी लोकांमध्ये राहतो, बाकीचे एकदा कावीळ होऊन किंवा काही न कळताच मोकळे होतात. व्हायरस एकच, फरक समोरच्या इम्युनिटीच्या वयाचा. बाळाची इम्युनिटी अजून आपलं-परकं शिकत असते, त्यात हा व्हायरस ई-अँटिजेन नावाचं एक प्रोटीन रक्तात सोडतो जे वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं, मग बाळाचं शरीर त्याला घरातलाच धरून चालतं असं मानतात. म्हणून मामेभावाच्या आईची, म्हणजे मामींची आणि त्याच्या भावंडांची एचबीएसएजी (बी व्हायरसच्या कवचाचं प्रोटीन, अंगात बी आहे का ते सांगणारी) टेस्ट झाली नसेल तर ती या आठवड्यात करून घ्या, घरातल्या बाकीच्यांना लस द्या, ते जास्त महत्त्वाचं आहे.

उलट टोक पण असतं. कधीकधी मोठ्या माणसाची इम्युनिटी बी च्या मागे एवढी हात धुवून लागते की पंधरा दिवसांत लिव्हर फेल होतं, आणि अशा पेशंटचा व्हायरल लोड बघितला तर बऱ्याचदा कमी असतो, एचबीएसएजी सुद्धा कधी निगेटिव्ह येऊन जातं. नातेवाईक विचारतात, डॉक्टर व्हायरस तर जवळपास गेला मग पेशंट कोमात का. कारण व्हायरस घालवताना लिव्हर पण गेलं.

आता मधली गोष्ट, जी आईंच्या बाबतीत झालीये. ना पूर्ण जिंकली ना पूर्ण थांबली अशी लढाई. गावाकडे बांधाचं भांडण कसं तीस-तीस वर्षं चालतं, निकाल लागत नाही, कोणी माघार घेत नाही आणि शेवटी वकिलांच्या फीमध्ये दोन्ही घरं बुडतात, तसं. शास्त्रीय भाषेत याला टी सेल एक्झॉशन म्हणतात. टी सेल्सना वर्षानुवर्षं तेच ते अँटिजेन, म्हणजे व्हायरसचा ओळखीचा तुकडा, दिसत राहिलं की त्यांच्या अंगावर पीडी-१ सारखे ब्रेक उगवतात, त्या जिवंत असतात पण मारायची ताकद गेलेली असते. कॅन्सरमध्ये जी नवीन इम्युनोथेरपी देतात ती हेच ब्रेक सोडवते. पण थकलेल्या टी सेल्स पूर्ण गप्प बसत नाहीत, अधूनमधून थोड्या पेशी मारत राहतात, त्यांच्या मागे सूज आणणाऱ्या बाकीच्या पेशी येतात ज्यांना व्हायरस ओळखता पण येत नाही, आणि प्रत्येक वेळी भरून येताना थोडा थोडा वण पडतो. असं वीस-तीस वर्षं चाललं की सिऱ्होसिस, म्हणजे वणांनी कडक झालेलं लिव्हर. १९९६ चं रक्त आणि आजचे रिपोर्ट यातलं अंतर बघा, म्हणजे लक्षात येईल. (आपल्याकडे रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सी ची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये, आणि हा व्हायरस सापडलाच मुळात १९८९ मध्ये. त्यामुळे त्या काळात रक्त चढवलेल्या प्रत्येकाने एकदा अँटी-एचसीव्ही करून घ्यावी असं मी येईल त्याला सांगतो.)

दोन्ही व्हायरसच्या चलाख्या वेगळ्या आहेत. बी व्हायरस रिकामी टरफलं सोडतो, नुसतं एचबीएसएजी चं कवच, आत काही नाही, आणि खऱ्या व्हायरसच्या हजारपट ते लाखपट संख्येने, म्हणजे अँटीबॉडी तयार झाल्या तरी त्या टरफलांनाच चिकटून संपतात. शिवाय पेशीच्या केंद्रकात तो आपल्या डीएनएची एक गोल प्रत ठेवून देतो, सीसीसीडीएनए म्हणतात, आणि तिला आजची कुठलीच गोळी हात लावत नाही. सी व्हायरसकडे असं कपाट नाही, तो रंग बदलतो. दिवसाला साधारण एक लाख कोटी नवीन व्हायरस तयार होतात आणि कॉपी काढताना तो चुका दुरुस्त करत नाही, त्यामुळे आज तयार झालेली अँटीबॉडी काही आठवड्यांत जुनी होते. म्हणून सी ची लस अजून नाही. पण कपाट नसल्यामुळेच तो पूर्ण बरा होतो आणि बी बहुतेक वेळा फक्त दाबून ठेवता येतो. हा फरक पुढे स्टेरॉइडच्या वेळी कामाला येणार आहे.

एक गोष्ट मला आजही भारी वाटते. १९९९ मध्ये चिंपांझींवर झालेल्या एका कामात असं दिसलं की अ‍ॅक्यूट हिपॅटायटिस बी मध्ये बराचसा व्हायरस लिव्हरमधून गेला तो पेशी न मारताच. इम्युनिटीच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमासारखी रसायनं सोडतात आणि त्यानेच व्हायरसची कॉपी काढायची मशीन बंद पडते. मारामारी न करता पण जिंकता येतं, म्हणजे जिथे इम्युनिटी वेळेत आणि पुरेशी येते तिथे.

आता आईंच्या ठिपक्यांकडे येतो, कारण मला त्यांच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी पेक्षा सी-४ आणि आरए फॅक्टर जास्त बोलतायत.

टी सेल्स थकतात तेव्हा बी सेल्स (अँटीबॉडी तयार करणाऱ्या पेशी, बी व्हायरसशी संबंध नाही) उलट जास्त चेकाळतात. सी व्हायरसच्या अंगावरचं ई-२ प्रोटीन बी सेलवरच्या सीडी-८१ ला जाऊन चिकटतं, आणि वर्षानुवर्षं अँटिजेनचा मारा असतोच, त्यामुळे बी सेल्स वाढत राहतात आणि नको त्या अँटीबॉडी तयार करतात. त्यातलीच एक म्हणजे आरए फॅक्टर. म्हणजे अँटीबॉडीच्या विरुद्धची अँटीबॉडी. त्या दोघी आणि व्हायरस असे एकमेकांना चिकटून गोळे होतात, थंड झाले की जमतात, म्हणून नाव क्रायोग्लोब्युलिन. हे गोळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथे सूज येते, रक्त बाहेर झिरपतं आणि पायावर ठिपके दिसतात, पायावरच जास्त कारण तिथे रक्त सावकाश वाहतं आणि गारवा पण असतो. ठिपके, सांधेदुखी, अशक्तपणा हे त्रिकूट म्हणजे क्रायोग्लोब्युलिनेमियाचा पाठ्यपुस्तकातला फोटो. या भानगडीत कॉम्प्लिमेंट, म्हणजे इम्युनिटीची मदतनीस प्रोटीनं, खर्च होतं, त्यात सी-४ अगदी तळाला जातं आणि सी-३ बऱ्यापैकी राहतं. हिपॅटायटिस सी च्या साधारण निम्म्या पेशंटच्या रक्तात शोधलं तर क्रायोग्लोब्युलिन सापडतं, त्रास मात्र त्यातल्या थोड्यांनाच होतो.

मग आरए फॅक्टर हाय आणि सांधे दुखतात म्हणून "संधिवात" असं लेबल लागून मेथोट्रेक्सेट चालू झालेले पेशंट मी बघितलेत, आणि मेथोट्रेक्सेट लिव्हरवर जातं ते वेगळंच. आईंची अँटी-सीसीपी करा, ती ऱ्हुमॅटॉइड म्हणजे खऱ्या संधिवातासाठी जास्त नेमकी टेस्ट आहे. ती निगेटिव्ह आणि एक्स-रेमध्ये हाडं झिजलेली नसतील तर तो ऱ्हुमॅटॉइड नाही, व्हायरसचा आरए फॅक्टर आहे असं धरायला हरकत नाही.

क्रायोग्लोब्युलिनची टेस्ट कुठल्याही लॅबला देऊ नका, आणि दिलीच तर ती कशी घेतात ते उभं राहून बघा. रक्त कोमट केलेल्या ट्यूबमध्ये घ्यावं लागतं आणि घेतल्यापासून गोठून सीरम वेगळं होईपर्यंत ३७ डिग्रीवरच ठेवावं लागतं, मगच ते सीरम ४ डिग्रीवर ठेवून तीन दिवस, काही लॅब सात दिवस, तळाला पांढरा साका बसतो का ते बघतात. आपल्याकडे काय होतं, घरी सँपल घ्यायला येणारा मुलगा ट्यूब भरतो आणि सवयीने बर्फाच्या डब्यात टाकतो. तिथेच क्रायोग्लोब्युलिन गुठळीत अडकून बसतं, वरच्या सीरममध्ये काहीच उरत नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट देणारी लॅब असेल तर तो रिपोर्ट वाचूच नका. लॅबमध्ये स्वतः जाऊन, आधी फोन करून द्या. आणि तरीही निगेटिव्ह आली तर ठिपके, सी-४ आणि आरए फॅक्टर यांच्यावर माझा जास्त विश्वास राहील.

याबरोबर लघवीची साधी तपासणी, त्यात प्रोटीन किंवा लाल पेशी आहेत का, क्रिएटिनिन आणि बीपी हे या आठवड्यातच करा, कारण हेच गोळे किडनीत पण अडकतात आणि तिथे दुखत नाही. पायाला मुंग्या, बधिरपणा, रात्री तळवे जळणं असेल तर तेही सांगा. किडनी किंवा नस धरली असेल तर चित्र गंभीर होतं, तेव्हा व्हायरसच्या गोळ्यांबरोबर थोडे दिवस स्टेरॉइड किंवा रिटुक्सिमॅब (बी सेल्स संपवणारं औषध) द्यावं लागतं आणि ते योग्यच असतं. माझा विरोध स्टेरॉइडला नाही, आधी स्टेरॉइड आणि मग बघू या क्रमाला आहे.

एएनए बद्दल. ही टेस्ट हल्ली सांधा दुखला की होते आणि घरात रडारड सुरू होते. निरोगी माणसांवर झालेल्या एका मोठ्या कामात १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के लोक पॉझिटिव्ह आले होते, म्हणजे वीस धडधाकट माणसांत एक तुमच्या आईंच्या लेव्हलचा. क्रॉनिक हिपॅटायटिस सी मध्ये हे प्रमाण आणखी जास्त असतं, स्मूथ मसल अँटीबॉडी पण येते, काही थोड्या जणांमध्ये एलकेएम-१ येते. ही एलकेएम-१ मजेदार आहे. ती लिव्हरमधल्या सीवायपी-२डी६ नावाच्या, औषधं पचवणाऱ्या एन्झाइमच्या विरुद्ध असते, लहान मुलांच्या टाइप २ ऑटोइम्यून हिपॅटायटिसची ती खूण, आणि सी व्हायरसच्या प्रोटीनचा एक तुकडा याच एन्झाइमच्या तुकड्याशी मिळताजुळता आहे. व्हायरसविरुद्ध पेटलेली इम्युनिटी चुकून आपल्या एन्झाइमवर घसरते असा तर्क आहे. तर्कच, कारण एलकेएम-१ पॉझिटिव्ह असलेल्या बऱ्याच सी पेशंटमध्ये लिव्हरचं चित्र साध्या हिपॅटायटिस सी चंच असतं.

मग खरा ऑटोइम्यून हिपॅटायटिस ओळखायचा कसा? एका अँटीबॉडीवर नाहीच. आयजीजी, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचा मुख्य प्रकार, किती वाढलंय ते बघतो आणि मुख्य म्हणजे बायोप्सी. ऑटोइम्यूनमध्ये पोर्टल भागाच्या कडा प्लाझ्मा सेल्सनी खाल्लेल्या दिसतात, पेशींचे गुच्छ दिसतात. हिपॅटायटिस सी मध्ये लिम्फॉइड फॉलिकल (इम्युनिटीच्या पेशींचे गोळे), थोडी चरबी, पित्तनलिकेला किंचित धक्का असं काहीसं. २००८ चा एक सोपा स्कोअर सगळे वापरतात: अँटीबॉडीचे जास्तीत जास्त २, आयजीजीचे २, बायोप्सीचे २ आणि व्हायरल हिपॅटायटिस नसल्याचे २. सहा म्हणजे शक्यता, सात म्हणजे खात्री. आता गणित करा, व्हायरस असलेल्या माणसाला शेवटचे २ मिळतच नाहीत, म्हणजे बाकी सगळं शंभर टक्के जुळलं तरी स्कोअर सहाच्या पुढे जात नाही. ज्यांनी हा स्कोअर बनवला त्यांनीच त्यात सांगून ठेवलंय की आधी व्हायरसचं काय ते बघा. दोन्ही आजार एकत्र असूच शकत नाहीत असं नाही, असतात, पण विरळा.

उलटा गोंधळ पण होऊ शकतो आणि तो विसरू नका. सी च्या सुरुवातीच्या टेस्ट आल्या तेव्हा ऑटोइम्यून हिपॅटायटिसचे कितीतरी पेशंट खोटे पॉझिटिव्ह आले, कारण रक्तात आयजीजी एवढं भरलेलं की टेस्टला काहीही चिकटायचं. आजच्या टेस्ट कितीतरी बऱ्या आहेत, तरी नुसत्या अँटी-एचसीव्हीवर ट्रीटमेंट ठरवत नाहीत. एचसीव्ही आरएनए करा, रक्तात व्हायरस आत्ता खरंच आहे का ते ती टेस्ट सांगते. तुमच्या यादीत तोच नाही! आरएनए निगेटिव्ह आला तर मी वर लिहिलेलं अर्धं बाद होतं आणि पहिल्या डॉक्टरांची फाइल परत उघडावी लागते.

हा वाद एवढा जुना आणि एवढा तापलेला का, ते सांगतो. इंटरफेरॉनच्या काळात हा जीवनमरणाचा प्रश्न होता. इंटरफेरॉन इम्युनिटीला चाबूक मारतं, म्हणजे सी असेल तर औषध, पण आत ऑटोइम्यून दडलेला असेल तर तो भडकणार, थायरॉइड जाणार, कावीळ वाढणार. आणि स्टेरॉइड दिलं तर ऑटोइम्यून बसणार पण व्हायरस मोकाट. दोन्ही आजारांची औषधं एकमेकांच्या बरोबर विरुद्ध. त्यामुळे आम्ही लोक एलकेएम आणि बायोप्सीवर तासन्तास भांडायचो. २०१३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सोफोसबुविरला परवानगी मिळाली, तिथे एका गोळीची किंमत हजार डॉलर होती, २०१५ पासून आपल्याकडे जेनेरिक आली आणि तो वादच संपला. या गोळ्या इम्युनिटीला हात लावत नाहीत, थेट व्हायरसची मशीन बंद करतात. बारा आठवडे सोफोसबुविर बरोबर डॅक्लाटासविर किंवा वेलपाटासविर, आणि शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे होतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमात हे औषध फुकट मिळतं, तुमच्या जवळच्या सिव्हिलमध्ये किंवा सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये चौकशी करा, बाहेर पैसे घालवायच्या आधी.

त्यामुळे माझा क्रम असा. आरएनए, मग फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) आणि प्लेटलेट, म्हणजे सिऱ्होसिस आहे का ते कळेल, कारण त्यावर कोणती जोडी आणि किती आठवडे ते ठरतं. एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी टोटल (बी कधी होऊन गेलाय का ते सांगणारी टेस्ट), याचं कारण पुढच्या परिच्छेदात. मग गोळ्या. संपल्यावर बारा आठवड्यांनी परत आरएनए. तोही निगेटिव्ह आला आणि एसजीपीटी तरीही चढंच, आयजीजी पण चढंच, तर मग बायोप्सी आणि तेव्हा स्टेरॉइड-अझाथायोप्रिन या इम्युनिटी दाबणाऱ्या औषधांचा विचार, आणि तेव्हा तो निवांत करता येतो कारण मोकाट सुटायला व्हायरस उरलेला नसतो. बहुतेकांमध्ये ती वेळ येत नाही, एसजीपीटी पहिल्या महिन्यातच नॉर्मलला येतं. ठिपके जायला मात्र वेळ लागतो, आरए फॅक्टर आणि क्रायोग्लोब्युलिन काहींमध्ये व्हायरस गेल्यावरही रेंगाळतात कारण बिघडलेल्या बी सेल्स मागे राहिलेल्या असतात. अँटी-एचसीव्ही तर आयुष्यभर पॉझिटिव्ह राहणार, ती परत परत करून घाबरू नका. आणि एकदा बरं झालं म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही, संरक्षण देणारी इम्युनिटी याच्याविरुद्ध नीट तयार होत नाही.

आता बी चं. हिपॅटायटिस बी होऊन गेलेल्या माणसात, एचबीएसएजी निगेटिव्ह असलं तरी, ती सीसीसीडीएनएची प्रत लिव्हरमध्ये पडून असते आणि इम्युनिटी तिच्यावर पहारा ठेवून असते. पहारा उठवला की व्हायरस परत. रिटुक्सिमॅब यात सगळ्यात वाईट, आणि स्टेरॉइड पण साधं नाही, एचबीएसएजी पॉझिटिव्ह माणसाला रोज १० मिलिग्रॅमच्या वर प्रेडनिसोलोन महिनाभर दिलं तर व्हायरस उठायची शक्यता दहा टक्क्यांच्या वर जाते. बी च्या डीएनएमध्येच स्टेरॉइडला प्रतिसाद देणारा एक भाग आहे, म्हणजे स्टेरॉइड पहारा तर उठवतंच, वर व्हायरसला थेट खतपाणी पण घालतं. आणि खरा दणका स्टेरॉइड कमी करताना बसतो, इम्युनिटी परत येते, समोर व्हायरसने भरलेलं लिव्हर बघते आणि तुटून पडते. गंमत म्हणजे एके काळी हे मुद्दाम करायचे, थोडे दिवस स्टेरॉइड देऊन एकदम बंद करायचं आणि मागून इंटरफेरॉन, झोपलेल्या इम्युनिटीला उठवायला. काहींना फायदा झाला, काहींचं लिव्हर गेलं, आणि ते मागे पडलं.

सी च्या गोळ्यांमध्ये पण हा धोका आहे, बी आणि सी दोन्ही असतील तर सी गेल्यावर बी डोकं वर काढतो, अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये याची ठळक चेतावणी पाकिटावर टाकायला लावली. घरात मामेभावाला बी आहे म्हणजे आईंची ही टेस्ट टाळूच नका. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आली तर एंटेकॅविर किंवा टेनोफोविर या बी दाबणाऱ्या गोळीचं कव्हर देऊन पुढे जाता येतं, अडत काही नाही. दोन्ही निगेटिव्ह आल्या तर बी ची लस.

मामेभावाला गोळी का नाही, तर व्हायरस भरपूर, ई-अँटिजेन पॉझिटिव्ह, एसजीपीटी खरंच नॉर्मल, वय तिशीच्या आत, फायब्रोस्कॅन चांगला, अशा अवस्थेत आजवर थांबायची पद्धत होती, कारण लढाई सुरूच नसेल तर वण पण पडत नाही आणि गोळी चालू केली की वर्षानुवर्षं घ्यावी लागते. पण ही शांतता कायमची नसते, तिशी-चाळिशीत कधीतरी इम्युनिटी उठते, एसजीपीटी शेकड्यांत जातं, आणि तो काळ निसटला तर नुकसान होतं. म्हणून दर सहा महिन्यांनी एसजीपीटी आणि वर्षाला व्हायरसचा डीएनए (व्हायरल लोड) चुकवायचं नाही. हल्ली कल लवकर गोळी सुरू करण्याकडे चाललाय, जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये निकष बरेच सैल केले, घरात कोणाला लिव्हर कॅन्सर किंवा सिऱ्होसिस झाला असेल, डायबेटिस असेल तर आता द्या म्हणतात. त्याच्या डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा, मी त्यांच्या जागी असतो तर विषय काढला असता. आणि गोळी चालू झाली तर स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, वर स्टेरॉइड बंद करताना जे होतं ते इथेही होतं.

गुळवेल. कोविडच्या काळात घराघरात वेल लावून काढे सुरू झाले आणि २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईत सहा पेशंट असे आले ज्यांना गुळवेल घेतल्यावर कावीळ झाली आणि बायोप्सीचं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं. ते २०२१ मध्ये छापून आलं, पुढे देशातल्या अनेक सेंटरनी मिळून ४३ पेशंट नोंदवले, त्यात लिव्हरच्या जुन्या आजाराने अचानक उचल खाल्लेले पेशंट सगळ्यात जास्त होते. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला, वेल ओळखण्यात चूक झाली असेल, दुसरी जात असेल असं म्हटलं. वादात मी पडत नाही. पण ज्या बाईच्या बी सेल्स आधीच चेकाळल्यात, एएनए १:१६० आहे, लिव्हरला सूज आहे, तिला इम्युनिटी "वाढवणारं" काही देण्याचा हेतूच मला कळत नाही. तिची इम्युनिटी कमी पडलेली नाही, भरकटलीये. काकूंना राग येऊ न देता बंद करा. हीच गोष्ट अश्वगंधा, नोनी, आणि पाकिटावर "लिव्हर टॉनिक" लिहिलेल्या सगळ्याची.

शेवटी एक बारीक गोष्ट, कारण दर आठवड्याला कोणी ना कोणी यात अडकतं. वेलपाटासविर असलेली गोळी पोटात आम्ल असेल तरच नीट शोषली जाते, आणि आपल्याकडे चाळिशीच्या पुढचं अर्धं गाव सकाळी उठून पॅन-४० ही आम्ल कमी करणारी गोळी घेतं. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर सोफोसबुविरबरोबर ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. फिट्सच्या काही गोळ्या, टीबीचं रिफॅम्पिसिन, हेही अडतं. तर आरएनए, लघवी आणि एचबीएसएजी चे रिपोर्ट आले की आई रोज काय काय घेतात, अ‍ॅसिडिटीच्या गोळीपासून बीपीच्या गोळीपर्यंत, ती पूर्ण यादी मिलिग्रॅमसकट लिहून इथेच टाका, म्हणजे डॅक्लाटासविरवाली जोडी बरी की वेलपाटासविरवाली हे सांगता येईल.